मदत हवी आहे: मुलाला ‘हळवा’ म्हटलं म्हणजे तक्रार समजायची का?

मुलगा दुसरीत आहे. परवा प्रगतिपुस्तकावर बाईंनी शेरा लिहिला, “हुशार आहे, पण फार हळवा आहे.” त्या ‘पण’वरून घरात दोन दिवस वाद चाललाय. नवरा म्हणतो, हळवा म्हणजे कच्च्या मनाचा. मला ते पटत नाही. माझ्या माहेरी, नगरकडे, ‘आजी हळवी आहे’ असं मायेनंच म्हणायचे. पाहुणे निघाले की तिचे डोळे भरून यायचे. मग बाईमाणूस हळवं असलं तर माया आणि मुलगा हळवा असला तर उणीव, असं आहे का?

सासूबाई पेणच्या. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे भातही हळवं असतं.” भाताचा इथे काय संबंध? आणि हळवा, हळुवार, भावुक हे सगळं एकच का? शनिवारी बाईंना भेटायचंय, त्याआधी कुणी सांगेल का?

प्रतिसाद

ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. आमची शेती रोह्याजवळ. लवकर तयार होतं ते हळवं भात, साधारण 110 दिवसांत कापणीला येतं. गरवं 135 च्या पुढे जातं, मधलं ते निमगरवं. उतारावर पाणी ठरत नाही, तिथे हळवंच लावायचं, कर्जत-184 या वाणासारखं. सखल खाचरात गरवं. ही जोडी मुळात लघु-गुरूची. ‘लघु’तली अक्षरं बोलण्यात उलटीपालटी होऊन हळू, हलका, हळवा हे शब्द आले. मूळ अर्थ हलका. हळवं मनही लवकर भरून येतं, एवढंच. मात्र हळवं भात नेमकं परतीच्या पावसात सापडतं, म्हणून आम्हाला त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

हळुवार वेगळं. हात हळुवार असतो, बोलणं हळुवार असतं, ते दुसऱ्यासाठी. हळवा म्हणजे ज्याच्या मनाला पटकन लागतं तो. भावुक माणूस त्या प्रसंगापुरता होतो. बाईंना विचारा, कोणत्या प्रसंगावरून लिहिलं?

धागाकर्ती

खूप आभार, दादा. आज भेटून आले. शेजारच्या बाकावरच्या मुलाला ओरडा बसला की रडू आमच्याला येतं, म्हणून लिहिलं म्हणाल्या. सासूबाईंना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “घरात पहिला नवा तांदूळ शिजायचा तो हळव्याचाच.”