जिम्नॅस्टिक्समध्ये सरावाचा भार कसा मोजता? मदत हवी आहे

नमस्कार. मी मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवतो. सरावाचा भार मोजायला सेशन-आरपीई (सराव किती जड वाटला यावरून भार काढायची पद्धत) वापरतोय: सराव संपून अर्धा तास झाला की "आज किती जड गेलं?" हे 0 ते 10 मध्ये विचारायचं आणि त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. 180 मिनिटं आणि 6, म्हणजे 1080. यंत्र लागत नाही, आणि प्रत्येकीशी रोज बोलणं होतं हे मला फार मोलाचं वाटतं.

पण आपल्या खेळात बराच वेळ पाळीची वाट बघण्यात जातो. तो धरायचा की वगळायचा? शिवाय बीमवर (तोल सांभाळायची अरुंद तुळई) दम लागत नाही, तरी भीतीमुळे सराव जड वाटतो. व्हॉल्टलाही (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी) धाप फारशी लागत नाही, पण घोटे, मनगटं, कंबर मार खातात. एकच आकडा हे सगळं कसं सांगणार? प्रत्येक साधनाचा वेगळा आकडा कोणी घेतं का? सोबत लँडिंग, म्हणजे उडीनंतर जमिनीवर किती वेळा उतरल्या, हे मोजता का?

लहान मुली तर मैत्रिणीचा आकडा ऐकून तोच सांगतात. बाजूला घेऊन विचारलं तरी "सोपं होतं" एवढंच. आकड्यांऐवजी चित्रांची पट्टी कोणी वापरली असेल तर अनुभव नक्की कळवा.