हा चेहरा नेफरतारीचा आहे का?

ओळंबा:
रामसेस दुसरा याची पट्टराणी नेफरतारी. तिच्या थडग्यातली चित्रं दाखवून 'राणी अशी दिसायची' असं सर्रास लिहिलं जातं. मला ते साफ चूक वाटतं. इजिप्तमध्ये राजघराण्यातली माणसं आखणीतून उभी राहायची. गेरूत भिजवलेली दोरी भिंतीवर ताणून झटका द्यायचा, उभ्या-आडव्या रेघांची घरं पाडायची. उभी आकृती तळपायापासून कपाळावरच्या केसांपर्यंत 18 घरं, बसलेली 14. गुडघा सहाव्या रेघेवर, खांदे सोळाव्या. मोजणी केसांपाशीच थांबते, कारण वर मुकुट येणार. तो उंच असो की बुटका, शरीराचं माप बिघडत नाही. राणी कोण हे शेजारच्या लंबगोलात लिहिलेल्या नावावरून कळतं, नाकावरून नाही.

गेरू:
घरं माप देतात, गाल रंगवत नाहीत. बायकांना सपाट पिवळा रंग द्यायची जुनी रीत. इथे त्वचा तांबूस आहे, गालावर छटा आहे, गळ्याच्या वळ्या वेगळ्या दाखवल्यात. नुसती खूणच हवी होती तर एवढे कष्ट कोण घेईल?

ओळंबा:
कष्ट मान्य. पण छटा म्हणजे हुबेहूबपणा नव्हे. आणि पडताळणार कशाशी? 1904 मध्ये थडगं सापडलं तेव्हा ते आधीच लुटलेलं होतं. तिचे म्हणून इटलीतल्या तूरिनच्या संग्रहालयात आहेत ते फक्त पायांचे तुकडे.

शाईपेन:
तुतनखामेनची दफनखोली बघा. उत्तर भिंतीवरच्या आकृत्या 20 घरांच्या, दक्षिणेकडच्या 18 च्या. राजा एक, खोली एक, बांधे दोन! शरीराबद्दल ओळंबा यांचं बरोबर आहे. पण आखणी म्हणजे मुकाट पाळलेला नियम, हे नाही पटत. 20 घरं तुतनखामेनच्या थोडं आधीचा राजा अखेनातेन याच्या काळची. वाढीव घरं मान-चेहऱ्यात आणि धडात गेली, त्यामुळे पाय तोकडे दिसतात. राजा कसा दिसावा हे तिथे कुणीतरी विचार करून बदललंय.

गेरू:
तेच म्हणतोय. आणखी एक, छटा छापील फोटोवरून जोखू नका. या थडग्यात खडकातलं मीठ गिलाव्यामागे साचून त्याचे स्फटिक झाले, गिलावा फुगून पोपडे पडले. 1986 ते 1992 मध्ये मोठं जतनकाम झालं, त्याआधीही डागडुज्या झाल्या होत्या. जिथे मूळ थर शाबूत आहे तिथलाच गाल पुराव्याला घ्या.

ओळंबा:
घेतो. तरी फोटोखाली 'नेफरतारीचं चित्र' लिहा, 'नेफरतारीचा चेहरा' नको.