सोलर-पवन आहे तर जलविद्युत कशाला? माझं मत: हवीच

सोलर स्वस्त झालं, आता धरणांची गरज काय, असं सारखं कानावर येतं म्हणून लिहितोय. सूर्य मावळतो नेमका तेव्हाच घरोघरी दिवे लागतात, मागणी एकदम चढते आणि त्या तासाभरात ग्रिड सांभाळायला हायड्रोसारखं दुसरं काही नाही. कोळशाचा थंड बॉयलर तापायला कित्येक तास, इथे झडपा उघडल्या, पाणी पात्यांवर आदळलं की काही मिनिटांत वीज. वेल्समधलं डिनॉर्विग वीजकेंद्र बघा, १९८४ पासून डोंगराच्या पोटात चालू आहे, मागणी कमी असताना पाणी वरच्या तळ्यात चढवायचं आणि लागेल तेव्हा खाली सोडायचं. आधीपासून फिरती ठेवलेली मशीन्स तर अर्ध्या मिनिटाच्या आत ग्रिडला वीज द्यायला लागतात!

प्रतिसाद १: फायदे मान्य हो, पण किंमत कोण मोजतं? चीनच्या थ्री गॉर्जेसचे २२,५०० मेगावॅट सगळे सांगतात, त्यासाठी १२ लाखांहून जास्त माणसं उठवली ते कोणी बोलत नाही. आणि ब्राझीलमधलं बाल्बिना धरण? २५० मेगावॅटसाठी दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त जागा पाण्याखाली गेली, उभं जंगल बुडालं, कुजलं आणि त्यातून मिथेन, म्हणजे पृथ्वी तापवणारा वायू, निघाला. ह्याला स्वच्छ वीज म्हणायचं?

धागाकर्ता: बाल्बिना चुकलंच, त्याची बाजू मी घेणारच नाही. सपाट प्रदेश, उथळ पाणी, तिथे धरण बांधायलाच नको होतं. पण त्याच ब्राझीलच्या सीमेवर इताइपू आहे, जलाशय साधारण १,३५० चौरस किलोमीटरचा आणि क्षमता १४,००० मेगावॅट. म्हणजे जागा कुठली निवडता ह्यावर सगळं आहे.

प्रतिसाद २: आणि पाऊसच नाही पडला तर? २०२४ च्या दुष्काळात करिबा धरण आटलं आणि झांबियात लोक दिवसाचे कितीतरी तास अंधारात होते, कारण जवळपास सगळी भिस्त हायड्रोवर.

धागाकर्ता: म्हणून तर सोलर जोडीला हवं, दिवसा ते चाललं की तेवढं पाणी धरणात शिल्लक राहतं.

प्रतिसाद १: दोन तळ्यांमध्ये पाणी खेळवणाऱ्या उदंचन प्रकल्पांना माझाही फारसा विरोध नाही. नव्या मोठ्या धरणाला मात्र आहे, प्रकल्पग्रस्तांना आधी जमीन आणि घर, घळभरणी (धरणाची उरलेली फट बुजवून पाणी अडवणं) त्यानंतर.

धागाकर्ता: हे मान्य. पुनर्वसनाचा सगळा खर्च विजेच्या दरात धरा, आणि मग ती वीज परवडत नसेल तर तिथे धरण बांधू नका.