‘टॅब दिला की मूल तोंड कशाला उघडेल?’

अनघा_पुणे: ‘जुनं खोड’ यांनी काल लिहिलं की ऑटिझमच्या मुलाला बोलणारा टॅब देणं ही पालकांची पळवाट, बटणावर भागलं तर मूल बोलेलच कशाला. गप्प बसणार होते, राहवलं नाही. माझा मुलगा सात वर्षांचा. ‘बोलेल हो, वाट बघा’ असं सगळे सांगत होते, तोवर तो दातानखांनी बोलत होता. मग आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ अॅप टाकलं, चित्र दाबलं की टॅब तो शब्द बोलतो. फुकट आहे, मराठीत आहे. स्वतःहून पहिलं काय दाबलं? ‘नको’. सासूबाई वरणभाताचा घास घेऊन उभ्या, हा ‘नको, नको, नको’. त्या चिडल्या, मला रडू आलं. मिलर, लाइट, श्लोसर या संशोधकांनी अशा साधनांवरच्या अभ्यासांचा 2006 मध्ये घेतलेला आढावा वाचा. भरवशाच्या अभ्यासांतल्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नाही, 89 टक्क्यांचं वाढलं. थोडंच, पण वाढलं.

जुनं खोड: 27! आमच्या चाळीत याहून जास्त पोरं आहेत. ताई, तुमचं पोर गुणी. माझा पुतण्या ते अॅप बंद करून यूट्यूबवर रेल्वे इंजिनं बघतो. काढून घेतला की भिंतीवर डोकं आपटतो. त्यापेक्षा वेल्क्रोची चित्रवही बरी, चित्र काढून हातात द्यायचं, चार्जिंग लागत नाही.

अनघा_पुणे: वापरली. अर्धी चित्रं चावून संपवली. आणि आयपॅडला गायडेड अॅक्सेस असतं, अँड्रॉइडला स्क्रीन पिन होते, एकच अॅप उघडं राहतं. थेरपिस्टने हे सांगायला नको?

डोंबिवली_फास्ट: थेरपिस्टचं नाव काढू नका! आमच्या मॅडमचं फर्मान, घरात फक्त इंग्रजी, दोन भाषांनी मूल गोंधळतं. अॅपही इंग्रजी. पोरगा ‘आय वॉन्ट वॉटर’ वाजवतो, आजी विचारते, ‘काय म्हणतोय गं हा?’

सोलापूरची_मावशी: अगदी आमचंच घर! आजोबांनी तर नातवाशी बोलणंच सोडलंय.

वाचा_उपचार: मी याच धंद्यात आहे. दोन भाषांमुळे ऑटिझमची मुलं बोलण्यात मागे पडतात, याला अभ्यासांत आधार मिळालेला नाही. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. ‘शाळा इंग्रजी आहे, थेरपीही इंग्रजीतच घ्या’ असं पालकच सांगतात.

डोंबिवली_फास्ट: म्हणजे दोष आमचाच. पैसे भरायचे आम्ही, दाराबाहेर बाकावर बसायचं आम्ही. आत काय चालतं, देव जाणे.

वाचा_उपचार: आईबापांना बाहेर बसवणाऱ्याकडे जाऊच नका. आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, नोंदणीही विचारा. अॅप घरच्यांनी वापरून दाखवावं लागतं. ‘जेवायला चल’ म्हणताना तुम्हीही ‘जेवण’ दाबायचं. नुसतं मुलाच्या हातात दिलं तर ते खेळणंच.

जुनं खोड: घ्या! मी वेगळं काय म्हणत होतो?

अनघा_पुणे: तुम्ही ‘पळवाट’ म्हणालात.

जुनं खोड: बरं बाई, पळवाट मागे. वहिनीला सांगतो ते पिन का काय ते करायला. वही मात्र राहू दे, आमच्याकडे लाइट जाते.

अनघा_पुणे: वहिनीलाच का? तुम्ही दाबा की बटणं.