स्टारबोर्ड : तारा नव्हे, वल्हं

जहाजाच्या उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात. ताऱ्यांकडे बघत जहाज हाकायचे म्हणून ‘स्टारबोर्ड’, हा तर्क गोड आहे, पण खरा नाही. जुन्या इंग्रजीत शब्द होता ‘स्टेओरबोर्ड’, म्हणजे सुकाणूची बाजू. मागे मधोमध बसवलेलं सुकाणू युरोपात नंतर आलं. त्याआधी उजव्या कुशीला रुंद वल्हं बांधून जहाज वळवत. नॉर्वेत सापडलेल्या गोकस्टाड या व्हायकिंग जहाजाचंही तसंच आहे. जर्मन लोक डाव्या बाजूला ‘बाकबोर्ड’ म्हणतात, कारण सुकाणू धरणाऱ्याची पाठ तिकडे! इंग्रजांचा डावीकडचा शब्द ‘लारबोर्ड’. आता भर वाऱ्यात लारबोर्ड आणि स्टारबोर्ड वेगळे ऐकू येणार कसे? शेवटी १८४४ साली ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून डाव्या बाजूसाठी ‘पोर्ट’ हा शब्द पक्का केला.

खरी गंमत पुढेच आहे. ‘स्टारबोर्ड’ असा हुकूम दिला की जहाज डावीकडे वळायचं. हुकूम सुकाणूच्या दांड्यासाठी असे. दांडा उजवीकडे लोटला की पातं डावीकडे जातं आणि त्यामागोमाग जहाजाचं तोंडही. पुढे दांड्याच्या जागी चाक आलं, तरी हुकूम तेच राहिले. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकवर ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’ अशी आरोळी झाली, ती जहाज डावीकडे घेण्यासाठीच. त्यात कुणाची चूक नव्हती, तेव्हाची रीतच ती. ब्रिटिश जहाजांवर ही उलटी भाषा १९३३ मध्ये कायद्याने बंद झाली.