मदत हवी आहे : पॅरिसहून ओव्हेर-स्युर-वाज, एका दिवसात

जूनमध्ये आई-बाबांना घेऊन पॅरिसला जातोय. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग त्यांचा फार जिव्हाळ्याचा, म्हणून एक दिवस पॅरिसजवळच्या ओव्हेर या गावासाठी राखून ठेवलाय. मे ते जुलै 1890, आयुष्याचे शेवटचे सत्तर दिवस तो तिथे राहिला आणि जवळपास रोज एक चित्र काढत होता. रावूच्या खाणावळीतली त्याची माळ्यावरची खोली, त्याने रंगवलेलं चर्च, गव्हाची शेतं आणि दफनभूमीत शेजारी शेजारी असलेल्या व्हिन्सेंट आणि त्याचा भाऊ थिओ यांच्या कबरी, एवढं तरी बाबांना निवांत दाखवायचंय. बाकीचं राहिलं तरी चालेल.

आईचे गुडघे दुखतात. स्टेशनपासून चर्च आणि पुढे दफनभूमीपर्यंतचा चढ तिला झेपेल का? वाटेत बसायला बाक आहेत का? पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनहून पोंत्वाजला गाडी बदलून जाणं सोपं, की शनिवार-रविवारची थेट गाडी पकडावी? खोली बघायला तिकीट आधी काढावं लागतं का? आणि गावात शाकाहारी जेवण मिळेल का, की डबा सोबत न्यावा? वयस्कर मंडळींना घेऊन कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.