मदत हवी आहे: मुलाची कोल्ड्रिंकची सवय कशी सोडवू?

नमस्कार, मुलगा १९ वर्षांचा, हॉस्टेलला असतो, मेसमध्ये जेवला की वर कोल्ड्रिंक लागतंच त्याला. ढेकर आला की अन्न पचतं म्हणतो, पण अहो तो ढेकर म्हणजे त्या बाटलीतलाच गॅस बाहेर येतो ना. तासाभरात पोट टम्म, छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी येतं, सुट्टीत घरी आला तर दोन उशा घेऊन झोपत होता, बघून जीव तुटला. वर्षात ९ किलो वजन वाढलंय.

त्याच सुट्टीत बाटलीवरचं लेबल वाचलं, १०० मिलीला १० ग्रॅमच्या वर साखर, म्हणजे ६०० मिलीत ६० ग्रॅम! वाटीत चमच्याने मोजून दाखवली तेव्हा गप्प झाला. जागतिक आरोग्य संघटना तर वरची साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत, आणि जमलं तर २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते.

आता डाएटवालं पितो, साखर नाही पण गॅस तोच, जळजळ थांबलेली नाही. कोणी मुलांची ही सवय सोडवलीये का, एकदम बंद केलं की हळूहळू? ताक, कोकम सरबत हॉस्टेलवर कसं जमवायचं? आणि जळजळीसाठी पोटाच्या डॉक्टरांना आत्ताच दाखवू की आधी महिनाभर बंद करून बघू?